विक्रोळीचें राखलेलें कांदळवन

ऐरोलीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे दृष्टि टाकली असतां ठाण्याच्या खाडीपलीकडे हिरव्या झाडीचा दाट पट्टा दिसतो. तेंच विक्रोळीचें कांदळवन होय. आम्हां नवी मुंबईकरांच्या तें नित्य पाहण्यांतलें. तथापि त्याची हकीकत थोड्यांसच ठाऊक असल्यामुळें ती येथें संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे.

इ. स. १९४३ सालीं पिरोजशा गोदरेज यांनीं विक्रोळीची जमीन जाहीर लिलांवांत विकत घेतली. पुढें तेथें कारखाने व कामगारांची वसाहत उभी राहिली. खाडीकांठची दलदल भरून काढणें अशक्य नव्हतें. मुंबई शहरच मुळीं बेटांमधील पाणी हटवून वाढलें आहे. असें असतां ही भूमि झाडांसाठीं राखली गेली, हें विशेष होय. इ. स. १९८५ च्या सुमारापासून सूनाबाई पिरोजशा गोदरेज प्रतिष्ठानानें येथें संशोधन, संरक्षण आणि लोकशिक्षण हीं कामें चालविलीं, व झाडी विरळ झाली तेथें रोपेंही लावविलीं. निसर्गानें पेरावें आणि मनुष्यानें राखावें, असा हा संयोग आहे.

या झाडांची रचना मोठी चमत्कारिक आहे. दिवसांतून दोनदां भरतीचें खारें पाणी त्यांच्या मुळांवरून जातें. चिखलांत हवा फारशी नसते. म्हणून तिवराचीं मुळें शिसपेन्सिलींप्रमाणें वर डोकावून श्वास घेतात. आंत आलेलें मीठ तिवराचीं पानें बाहेर टाकतात; तेणेंकरून पान जिभेस लावल्यास खारट लागतें. कांदळाचें बीज तर झाडावर असतांनाच रुजतें, आणि लांब शेंगेसारखें होऊन मग खालीं पडतें. या मुळांच्या जाळ्यांत कोळंबी, खेकडे व माशांचीं पिलें वाढतात. खाडीवर पोट भरणाऱ्या कोळी व आगरी बांधवांचीं तीं जणूं धान्याचीं पेवेंच होत.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. खाडीकांठ बुजविला तर पाण्यानें जावें कोठें, हा प्रश्न त्या दिवशीं सर्वांस कळला. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनाच्या तोडीस मनाई केली. खाडीचा मोठा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाला, व २०२२ सालीं रामसर स्थळांच्या जागतिक यादींत गेला.

आमचें शहरही १९७० नंतर भातखाचरें व मिठागरें यांवर वसलें आहे. पलीकडच्या तीरावर ज्याची जमीन होती त्यानें ती भरून न काढतां राखली. अलीकडच्या तीरावरील तिवरांत राडारोडा टाकला जात असतां आपण मुकाट्यानें पाहावें काय, याचा विचार वाचकांनीं अवश्य करावा.