पडद्यावरचा 'मद्रासी' आणि प्रेक्षागृहातले हसू

सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांतून तेलुगू बोलली जाते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. कन्नड, उर्दू आणि मराठी तिच्या शेजारीच नांदतात. अशा शहरातला प्रेक्षक 'पडोसन'मधील (१९६८) मास्टर पिल्लेला पोट धरून हसतो, तेव्हा तो नेमका कोणाला हसतो?

मेहमूद यांनी रंगविलेला हा संगीतशिक्षक शेंडी, गंध, लुंगी आणि मोडक्या हिंदी उच्चारांतून उभा राहतो. मन्ना डे यांच्या तालमीतल्या आवाजात तो गातो आणि तरीही किशोरकुमारच्या हुल्लडीपुढे हरतो. मेहमूद यांचे विनोदाचे अंग अस्सल होते, यात वाद नाही. तथापि पिल्लेवरचे हसू त्याच्या स्वभावातून कमी आणि तो 'तिकडचा' असण्यातून अधिक येते. गंमत अशी, की ज्या बंगाली कथेवर 'पडोसन' बेतला, तिच्यावर १९५३ मध्येच 'पक्किंटी अम्मायी' हा तेलुगू चित्रपट येऊन गेला होता. त्या प्रेक्षकांपुढे दाक्षिणात्य असणे हाच विनोद ठरणे शक्य नव्हते.

मग पूर्व भागातला तेलुगू भाषक का हसतो? एक तर हसणे सांसर्गिक असते. माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट अधिक हसतो, असे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट प्रोवाइन यांना आढळले होते. शिवाय दुसऱ्याचे उणे दिसताच स्वतःचे मोठेपण एकाएकी जाणवते आणि त्यातून हसू फुटते, हे हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने सतराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. 'हा तमिळ, मी नव्हे', असे तेलुगू प्रेक्षक मनाशी म्हणत असावा. मुंबईच्या चित्रपटाला मात्र एवढा भेद करण्याची सवड नसते. गाडीने सोलापूर स्थानक मागे टाकले, की पुढचे सारे त्याच्या लेखी 'मद्रासी'च!

आणि आपण मराठी? लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारख्या मराठीतल्या लोकप्रिय नायकाला 'मैंने प्यार किया' (१९८९) आणि 'हम आपके हैं कौन'मध्ये (१९९४) नोकर व्हावे लागले, याची बोच आपल्याला आहे. हिंदी पडद्यावरची मोलकरीण मराठी हेल काढून बोलली, की आपल्या कपाळाला आठी पडते. पिल्लेच्या वेळी ती आठी कुठे जाते, कोण जाणे.

वांशिक, धार्मिक वा अन्य समूहांचा अवमान करणारी दृश्ये व शब्द नसावेत, असे चित्रपट प्रमाणनाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. तरीही 'रा.वन'मधला (२०११) शेखर सुब्रमण्यम नूडल्समध्ये दही कालवून खातो, आणि प्रेक्षागृह हसते.