मॉर्मन स्त्रिया : श्रद्धाही, हक्कही

मॉर्मन चर्चमध्ये मुलगा साधारण बाराव्या वर्षी पौरोहित्याची पहिली पायरी चढतो. रविवारी जमलेल्यांना प्रसादाचा पाव आणि पाणी तोच वाटतो. समोर बसलेल्या त्याच्या आईला, आजीला ही दीक्षा कधीच मिळत नाही.

याच समाजातल्या युटामधल्या स्त्रियांनी १८७० सालीच मतदान केलं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. मॉर्मनांमधल्या बहुपत्नीत्वाला आळा घालताना अमेरिकी काँग्रेसने १८८७मध्ये तो हक्क काढून घेतला. युटा राज्य झालं तेव्हा, १८९६मध्ये, तो परत मिळाला. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. अमेरिकेतल्या त्या पहिल्या महिला राज्य-सिनेटर. त्या स्वतः बहुपत्नीक घरातल्या होत्या आणि हरलेल्या उमेदवारांमध्ये त्यांचे पतीही होते!

पुढे मात्र चर्चची पकड घट्ट होत गेली. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी लढणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना १९७९मध्ये, तर स्त्रियांसाठी पौरोहित्य मागणाऱ्या केट केली यांना २०१४मध्ये बहिष्कृत केलं गेलं. श्रद्धावान स्त्रीने प्रश्न विचारला म्हणून तिला दार दाखवणं हा अन्यायच आहे. तरीही अनेकजणी आत राहूनच बोलत आल्या. डिसेंबर २०१२मध्ये काहीजणी रविवारच्या प्रार्थनेला स्कर्टऐवजी पँट घालून गेल्या, तर केवढा गहजब झाला!

२०१९पासून स्त्रियांना बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. बाप्तिस्मा देण्याचा अधिकार आजही फक्त पुरुषांना आहे.