गॅस ड्रायर फिरतोय, पण गरम होत नाही? मेकॅनिकला फोन करायच्या आधी हे बघा



लॉन्ड्री टाकायची म्हणून जे लोक मला भेटतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मशीन कुठलं घ्यायचं? मशीन भर सीझनमध्ये बंद पडलं तर काय करायचं, हे कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझ्या दुकानात हे झालं डिसेंबरमध्ये. वेरूळ-अजिंठ्याचा सीझन, संभाजीनगरातली हॉटेलं भरलेली. सकाळी सात वाजता एका हॉटेलच्या चादरी ड्रायरमध्ये टाकल्या. पहिली बॅच नीट निघाली. दुसरी कोमट. तिसरीला ड्रम फिरतोय, पंखा चालू, टायमर संपला आणि चादरी जशाच्या तशा ओल्या. मेकॅनिकला फोन केला. तो न बघताच म्हणाला, "गॅसचा व्हॉल्व्ह गेला असेल, मागवून घ्या." मी मागवलाही. हॉटेलवाल्यानं तोपर्यंत चादरी उचलून दुसरीकडे नेल्या.

आणि दुपारी दोन वाजता, कोणी हात न लावता, ड्रायर परत गरम व्हायला लागला!

मागच्या बाजूला जाऊन सिलेंडर बघितला, तर खालच्या भागावर पांढरं दव गोठलेलं. सिलेंडर निम्मा भरलेला होता. म्हणजे गॅस होता, पण बाहेर येत नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण हा बिघाड मशीनचा नाहीच. सिलेंडरमध्ये गॅस द्रव रूपात असतो. त्याची वाफ होते आणि ती बर्नरला जाते. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती सिलेंडरच्या पत्र्यातून, आजूबाजूच्या हवेतून येते. तुम्ही गॅस जितका जोरात ओढाल तितका सिलेंडर थंड पडतो, प्रेशर उतरतं. आपल्याकडच्या एलपीजीत ब्यूटेन आणि प्रोपेन असतं. प्रोपेन उणे 42 अंशालाही उकळतं, पण ब्यूटेन शून्याच्या जवळ आलं की जवळजवळ थांबतंच.

आता हिशोब करा. ड्रायरच्या प्लेटवर बर्नरची क्षमता लिहिलेली असते. समजा 30 किलोवॅट आहे. एक किलो एलपीजीतून साधारण 12.8 युनिट उष्णता मिळते. म्हणजे पूर्ण ज्योतीवर ताशी 2.3 किलोच्या आसपास गॅस लागणार. थंडीत सलग चालवलं तर 19 किलोच्या एका सिलेंडरमधून ताशी किलोभर गॅस निघाला तरी पुष्कळ झालं. मग एकाच सिलेंडरवर ड्रायर कसा चालेल? तीन सिलेंडर मॅनिफोल्डला एकत्र जोडायला हवे होते. माझ्याकडे जोडलेला होता एक. कोटेशनमध्ये मॅनिफोल्डचा खर्च बघून मीच तो कापला होता, बीबीए करून!

इथं लोक दोन जुगाड करतात. सिलेंडर गरम पाण्यात ठेवतात किंवा आडवा पाडतात. दोन्ही अजिबात करू नका. आडवा पाडला तर वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये आणि बर्नरमध्ये जातो, भडका उडतो. तिसरा जुगाड म्हणजे घरगुती 14.2 किलोचा लाल सिलेंडर. तो धंद्यासाठी वापरणं बेकायदेशीर आहे, सिलेंडर जप्त होतो. आणि हो, एकूण साठा 100 किलोच्या वर गेला तर पेसोचं लायसन्स लागतं. 19 चे पाच म्हणजे 95, भरलेले स्पेअरसुद्धा त्यातच धरा.

बरं, सिलेंडर ठीक असेल तर? मग मशीनसमोर उभं राहून कान द्या. बहुतेक गॅस ड्रायरमध्ये क्रम असा असतो: पंखा सुरू होतो, हवा नीट वाहतेय हे एअरफ्लो स्विच तपासतो, मग टकटक स्पार्क पडतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत लागते. ज्योत खरंच लागली की नाही हे सेन्सर बघतो. नसेल तर गॅस बंद.

स्पार्कची टकटक ऐकूच येत नसेल तर गॅसकडे बघूच नका, आधी हवा बघा. लिंटची जाळी दर एक-दोन बॅचनंतर झटकायची असते, हे पोरांना सांगून सांगून थकतो आपण. पण जाळी साफ असली तरी मागचा डक्ट तुंबलेला असतो. बाहेर जाऊन डक्टच्या तोंडाशी हात धरा. वारा जोरात लागत नसेल तर डक्टच तुंबलाय, असं समजा. दुसरं म्हणजे आत येणारी हवा. थंडीत पोरं शटर अर्धं खाली ओढतात, खिडकी लावून घेतात. पंखा बाहेर फेकणार ती हवा आणणार कुठून? हवा कमी पडली की एअरफ्लो स्विच लागत नाही, बर्नर पेटत नाही. हा स्विच किंवा थर्मोस्टॅट वायर जोडून बायपास करून देणारे मेकॅनिक भेटतात. अशा माणसाला दुकानात उभं करू नका. लिंट कापसासारखी पेटते.

टकटक होते पण ज्योत लागत नाही, तर गॅस येत नाही: सिलेंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, पाइप, आणि सगळ्यात शेवटी मशीनचा व्हॉल्व्ह.

ज्योत लागते आणि चार-पाच सेकंदांत विझते, तेव्हा सेन्सरवर काजळी आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, इतक्यात वायरमन येऊन गेला का? बऱ्याच मशीनचा सेन्सर ज्योतीतून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर चालतो. अर्थिंग ढिलं असेल किंवा बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे झाले, तर समोर ज्योत असूनही त्याला ती दिसत नाही.

कधी कधी तर ड्रायर गरम होतच असतो, कपडेच जास्त ओले येतात. वॉशरचा स्पिन कमी पडला की असं होतं. एक लिटर पाणी उडवायला, काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, 50 ग्रॅम गॅस जातो. प्रत्यक्षात जास्तच. म्हणून ओली बॅच ड्रायरमध्ये टाकायच्या आधी एकदा वजन करून बघा.

हे सगळं गॅसचा वास येत नसेल तरच. वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, शटर पूर्ण वर, माणसं बाहेर, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वर एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मशीन बंद असताना जोडांवर साबणाचं पाणी लावून बघायची सवय ठेवा, बुडबुडे आले की गळती.

ज्यांचा प्रोजेक्ट रिपोर्ट अजून बनतोय त्यांनी मॅनिफोल्ड, डक्ट आणि अर्थिंग या तिन्हींच्या रकमा मशीनच्या किमतीत न मिसळता वेगवेगळ्या ओळीत लिहा. बँकेत कोणी त्या कापायला सांगितल्या, तर ताशी 2.3 किलोचा हिशोब तिथंच मांडून दाखवा.