दुखरा हात, न दुखणारा हात

'टेनिस एल्बो' हे नाव आता खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतही सर्रास ऐकू येते. वर्धा जिल्ह्यात ज्यांच्या केसपेपरवर ते लिहिले जाते, त्यांतल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट जन्मात हातात धरलेली नसते. त्यांच्या हातात असतो विळा, पोळपाटावरचे लाटणे, फवारणीच्या पंपाचा दांडा, नाहीतर पऱ्हाटीवरचे बोंड. नावाचा इतिहास शोधू गेलो, तर तोही टेनिसपासून सुरू होत नाही. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या या दुखण्याची नोंद केली, ती लिहिणाऱ्यांच्या हाताविषयी लिहिताना. लॉन टेनिसचे पेटंट इंग्लंडमध्ये त्यानंतर, १८७४ साली घेतले गेले. १८८२मध्ये हेन्री मॉरिस या इंग्रज शल्यविशारदाने 'लॉन टेनिस आर्म' हा शब्द वापरला आणि साहेबांच्या खेळाचे नाव कारकुनांच्या दुखण्याला कायमचे चिकटले.

मी डॉक्टर नाही. वर्ध्याच्या इतिहासाची कागदपत्रे वाचता वाचता या विषयाकडे वळलो, आणि वळवणारे कोपर होते गांधीजींचे.

गांधीजींचा हात हा लिहिणाऱ्याचाही हात होता आणि कातणाऱ्याचाही. १९०९च्या नोव्हेंबरात 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर त्यांनी दहा दिवसांत 'हिंद स्वराज्य' लिहून काढले. हस्तलिखिताची पाने २७५; उजवा हात थकला तेव्हा त्यांतली चाळीसेक पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. पुढे १९३२मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांचे कोपर दुखू लागले. लिहिणे आणि कातणे, दोन्हींना अडथळा येऊ लागला. त्या काळातली काही पत्रे डाव्या हाताची आहेत आणि कातण्यासाठी त्यांनी मगन चरखा जवळ केला. मगनलाल गांधींच्या नावाचा हा चरखा प्रभुदास गांधींनी तयार केला होता. त्याचे चाक पायाने फिरते, त्यामुळे दुखऱ्या हाताला विसावा देऊन दुसऱ्या हाताने सूत काढता येते. आजच्या भाषेत याला कामाच्या साधनात बदल करून केलेला उपचार म्हणतील. कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाची पहिली सूचना तीच असते: काम थांबवता येत नसेल, तर कामाची रीत बदला.

हे कोपर दुखते कसे? कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. मनगट आणि बोटे मागे उचलणारे स्नायू तिथून निघतात. आपल्याला वाटते की वस्तू घट्ट धरायला फक्त तळव्याकडचे स्नायू लागतात. प्रत्यक्षात मूठ आवळताना मनगट किंचित मागे रोखून धरावे लागते, आणि तो ताण या उंचवट्यावर येतो. कपडे पिळणे, भाकरी थापणे, खुरपणे, सूत ओढणे, या सगळ्यांत तो येतोच. हात सरळ ठेवून मनगट वर उचला आणि दुसऱ्या कोणाला ते खाली दाबायला सांगा. कोपराशी कळ उठली तर दुखणे बहुधा हेच.

पूर्वी समजत की ही सूज आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा सुजेच्या खुणा फारशा सापडल्या नाहीत. सापडले ते झिजलेले, विसकटलेले कंडरेचे धागे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. सूज म्हटली की माणूस स्टेरॉइडचे इंजेक्शन मागतो. त्याने दोन-चार आठवडे जादूसारखा आराम पडतोही, पण वर्षभराने मोजदाद केली तर इंजेक्शन न घेतलेले लोक अधिक बरे असल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात आपोआप शमते. मधल्या काळात भार कमी करून हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम उपयोगी पडतो. हंगामात सुट्टी कुणाला असते, हा प्रश्न मात्र वैद्यकाच्या पुस्तकात नाही.

तो प्रश्न कापसाच्या हिशेबाने मांडून पाहू. हिंगणघाटच्या 'बनी' कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात परदेशी बाजारापर्यंत पोचले होते. आजही या जिल्ह्याची दिवाळी वेचणीच्या धांदलीतच येते. एका बोंडात साधारण चार-पाच ग्रॅम कापूस, म्हणजे किलोला दोनशे ते अडीचशे बोंडे. दिवसाला तीस किलो वेचणाऱ्या बाईची बोटे सहा-सात हजार वेळा चिमटीत आवळतात, खेचतात, कमरेच्या ओट्याकडे वळतात. बोंडाची वाळलेली टोके नखांच्या कडांना टोचत असतात, ते निराळेच. मजुरी किलोवर असल्याने थांबले की पैसे बुडतात. मग अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले की जीव कळवळतो. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाने १८९५मध्ये वर्णिलेला विकार तो हाच. बाळाला सतत उचलून घेणाऱ्या आयांनाही तो होतो, आणि वेचणीला येणाऱ्या कित्येकजणी बाळही सांभाळत असतात.

इथवरची दुखणी जिथे दुखते तिथलीच. पुढे मात्र वाट फसवी होते.

हाताला जाणाऱ्या साऱ्या नसा मानेच्या खालच्या मणक्यांमधून निघतात. मणक्यांमधली चकती सरकली किंवा हाड वाढले आणि मुळाशी नस दाबली गेली, की मान जेमतेम दुखते आणि हात पेटतो. कोणते बोट बधिर झाले यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. अंगठा असेल तर सहावी नस, मधले बोट असेल तर सातवी, करंगळी असेल तर आठवी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'विश्वाची' नावाचा विकार आहे. त्यात हाताच्या मागून बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा बिघडून हात निकामी होतो. तो आणि मानेची नस एकच, असे ठामपणे म्हणणे मला धाडसाचे वाटते. पण खांद्याजवळच आखडणाऱ्या 'अवबाहुका'पासून तो वेगळा काढला होता, हे निरीक्षण विलक्षण आहे. अवबाहुकाशी जुळणाऱ्या विकाराला कॉडमन या अमेरिकन डॉक्टराने १९३४मध्ये 'फ्रोझन शोल्डर' म्हटले. आपण म्हणतो, खांदा धरला. केस विंचरायला हात वर जात नाही, लुगड्याचा काष्टा मागे खोचता येत नाही. मधुमेह्यांत हे बरेच जास्त आढळते, म्हणून धरलेल्या खांद्यासाठी आलेल्या माणसाची साखर तपासणे शहाणपणाचे.

मानेच्या मणक्यांचा विषय निघाला की हिंगणघाटातच २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेल्या बाबा आमट्यांची आठवण येते. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसणेच अशक्य केले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच त्यांच्या हाती उरले. १९८५-८६च्या भारत जोडो यात्रेत कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतचा त्यांचा प्रवास वाहनातल्या खाटेवर पडून झाला. एवढ्या टोकाला फार थोडे जण जातात. पण दोन्ही हात एकदम बधिर होणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, या खुणा दिसल्या तर मज्जारज्जू दाबला जातो आहे असे समजून लगेच मोठे रुग्णालय गाठावे. तिथे मालीश आणि मान मोडणारे हात चालत नाहीत.

आणखी एक फसवी वाट हृदयाची. विल्यम हेबर्डन याने १७६८मध्ये छातीच्या त्या विशिष्ट वेदनेचे वर्णन लंडनच्या वैद्यांपुढे वाचले, तेव्हाच डाव्या हाताचा उल्लेख केला होता. हृदयाकडून आणि हाताच्या आतल्या बाजूकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच खणांत शिरतात, आणि मेंदू पत्ता चुकतो. श्रमाने वाढणारी, थांबल्यावर कमी होणारी, हात हलवण्याशी संबंध नसलेली कळ, सोबत घाम, दम किंवा मळमळ. हा हात हाताचा नव्हे. बायकांमध्ये छाती न दुखता फक्त हात, पाठ किंवा जबडा दुखू शकतो. अशा वेळी बाम चोळत बसण्यापेक्षा १०८ला फोन करावा.

आता वर्ध्याच्या खास वारशाकडे येतो. त्यासाठी पुन्हा १९३२च्या येरवड्यात जावे लागेल. ज्या तुरुंगात गांधीजींचे कोपर दुखत होते, तिथेच परचुरेशास्त्री नावाचे संस्कृत पंडित कैदी होते. कुष्ठरोगामुळे त्यांना वेगळे ठेवले होते. दोघांचा पत्रव्यवहार चाले. सप्टेंबरात गांधीजींचा उपवास सुटला, तेव्हा शास्त्रीबुवांनी संस्कृत श्लोक म्हटले. काही वर्षांनी ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. त्यांची कुटी आजही सेवाग्रामला पाहायला मिळते. जवळच दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले होते. १९५१मध्ये गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान वर्ध्यात आले. डॉ. वार्डेकरांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री इथे रुजवली. एकाहून अधिक औषधांचा आजचा उपचार १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम आला, त्यांत वर्धा होता.

या रोगाचा हाताशी संबंध काय, तो कोपराशीच कळतो. कोपर भिंतीला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांचा आहे. तिथे कातडीखाली उघड्यावर असलेली नस हीच कुष्ठजंतूंची आवडती जागा. १८७३ साली हॅन्सनने शोधलेल्या या जंतूंना शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड ठिकाण मानवते, आणि वरवरून जाणाऱ्या नसा थंड असतात. नस जाड होते, दोरीसारखी बोटांना लागते. मग कधीतरी, उपचार चालू असतानाही, शरीराची प्रतिकारशक्ती अचानक उसळते आणि नस सुजते. कोपरापासून करंगळीपर्यंत असह्य ठणका लागतो. रुग्णाला वाटते काम फार झाले, किंवा औषध बाधले. बरेचजण इथेच गोळ्या सोडतात.

खरे तर ही वेळ सर्वांत मोलाची असते. नसेचे काम बिघडून सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन नीट सुरू झाले, तर ती वाचण्याची चांगली आशा असते. उशीर झाला तर ठणका थांबतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि करंगळी व अनामिका वाकू लागतात. काहींना तर ठणकाही लागत नाही. नस मुकाट्याने मरते. म्हणून दुखणे न विचारता दर महिन्याला बोटांचा जोर आणि स्पर्श तपासावा लागतो.

बोटे झडतात ती रोगाने, अशी समजूत शतकानुशतके होती. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांचे हात बारकाईने पाहिले. त्यांना दिसले की मांस आपोआप झडत नाही. गरम भांडे धरले गेले तरी कळत नाही, कुलपाची अडलेली किल्ली जोर लावून फिरवताना कातडी फाटली तरी कळत नाही, आणि जखमेला विसावा मिळत नाही. बोटे आखूड होतात ती अशी, न दुखल्यामुळे. वाकलेली बोटे सरळ करण्यासाठी त्यांनी निरोगी स्नायूची कंडरा वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया रूढ केली.

देशपातळीवर २००५च्या डिसेंबरात कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही, असे जाहीर झाले. नवे रुग्ण मात्र सापडतच आहेत आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, आणि सोबत कोपराखाली ठणका किंवा करंगळीला बधिरपणा, अशी जोडी दिसली तर तपासून घ्यावे. करंगळीऐवजी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असतील, झोपेतून उठून हात झटकावासा वाटत असेल, तर नस बहुधा मनगटाच्या बोगद्यात दाबली जाते आहे. तो वेगळा, खूपच साधा विकार.

बधिर हात आयुष्यभर सांभाळावा लागतो. त्याची रीत कुष्ठसेवकांनी घालून दिली आहे. हात रोज वीसेक मिनिटे साध्या पाण्यात भिजवायचा, घट्टे हलकेच घासायचे, ओलसर असतानाच तेल लावायचे. चहाचे पातेले फडक्याने किंवा सांडशीने धरायचे, विळ्याच्या मुठीला चिंधी गुंडाळायची. आणि वेचणीवरून आल्यावर दिवसाच्या उजेडातच दोन्ही हात उलटेपालटे करून पाहायचे, नखांच्या कडांशी बोंडाचे टोक रुतून राहिले आहे का ते, कारण रात्री तो हात काहीच सांगणार नसतो.