शहर कशाला म्हणायचं?

जनगणनेत शहर ठरतं ते असं: किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. माणसं मात्र वेगळ्याच मापानं शहर निवडतात. कोकणातल्या गावी मी कवी नव्हतो, अमक्याचा मुलगा होतो. नाक्यावर चहा प्यायलो तरी घरी कळायचं! मुंबईच्या लोकलमध्ये मी अनोळखी खांद्यावर डुलक्या घेतल्या. कुणी नाव विचारलं नाही. विचारलं ते भाड्याची खोली शोधताना. नाव सांगितलं की जागा ‘कालच गेली’ असायची. गावी नाव सांगावंच लागत नसे. तरीही मुंबईच धरली. कविसंमेलन रात्री उशिरा संपलं, तरी परतायला लोकल होती. गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळी सातलाच सुटायची.