जोर हाताचा नव्हे, पायाचा
रोइंग मशीनवर नव्याने बसणाऱ्यांसाठी



आपला वाशीम जिल्हा काही दर्यावर्दींचा नव्हे. पैनगंगा, अडाण, अरुणावती पावसाळ्यात भरून वाहतात आणि उन्हाळ्यात वाळू दाखवतात. मग वल्हे मारणे शिकून आपल्याला काय करायचे, असे कोणीही विचारील. पण हे वल्हे जमिनीवरच मारायचे आहे. भरतीची तयारी करणारी आपली मुले आणि मोटारसायकल आल्यापासून पायी चालणे सुटलेले आपण, दोघांनाही हा व्यायाम उपयोगी आहे.

नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचे दत्तू भोकनळ हे नाव आपण ऐकले असेल. घरची गरिबी; वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केले. २०१२ मध्ये सैन्यात गेले, तेव्हा पाण्याची भीती वाटत होती. पुण्यात सैन्याच्या केंद्रात वल्हे धरले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेला सुवर्णपदक मिळाले, त्यात ते होते. सांगायचे एवढेच की, हा खेळ नदीकाठच्यांचाच आहे असे नाही.

यंत्र कसे असते? पुढे जाळीत पंखा, त्याला साखळी, साखळीला मूठ, आणि रुळावर मागे-पुढे सरकणारी बैठक. आपण जेवढे जोरात ओढू तेवढा पंखा हवा कापतो आणि तेवढेच जड लागते. पंख्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका असतो. नवखा माणूस तो थेट १० वर नेतो, कारण ताकद दाखवायची असते! तसे करू नये. ३ ते ५ वर ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. उसाची मोळी उचलणारा जुना गडी पहा. तो कमरेतून वाकून हिसका देत नाही. गुडघ्यात बसतो, पाठ ताठ ठेवतो आणि पायाच्या जोरावर उठतो. इथेही तेच.

१) पायपट्टे आवळून गुडघे दुमडून पुढे या. हात सरळ, पाठ ताठ.
२) आधी पायाने रेटा. हात अजून सरळच.
३) पाय सरळ होत आले की कमरेतून थोडे मागे झुका.
४) शेवटी मूठ बरगड्यांच्या खाली ओढा.
५) परतताना उलटा क्रम: आधी हात, मग कंबर, मग गुडघे. ओढायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ परतायला घ्या.

बहुतेकांची चूक एकच: पाय हलायच्या आधीच हात ओढतात. मग दंड भरून येतात, कंबर धरते आणि यंत्राला नाव ठेवले जाते. मूठ गच्च आवळू नका, हाताला फोड येतील. श्वास कोंडू नका. ओढताना सोडा, परतताना घ्या.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड बसावे. पाच मिनिटे ओढावे, दोन मिनिटे थांबावे, असे दोन-तीन वेळा. मिनिटाला १८ ते २२ ओढी पुरेत. शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. मग दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवत सलग वीस मिनिटांपर्यंत जावे. यंत्रावरच्या पडद्यावर ५०० मीटरला किती वेळ लागतो ते दिसते. तो आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे प्रगती कळते. ऑलिंपिकची शर्यत २००० मीटरची असते, पण त्या अंतराची घाई पहिल्या महिन्यात नको.

हृदयविकार, रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि दिवसभर ऊसतोड करून आलेल्या माणसाला याची गरज नाही. त्याला विश्रांती हवी.

राहिला खर्चाचा प्रश्न. चांगले यंत्र महाग असते, एका घराला परवडणारे नाही. पण सहकाराची शिकवण आपल्याला नवी नाही. गावच्या व्यायामशाळेत वर्गणीतून एक यंत्र आले, तर सकाळ-संध्याकाळ पाळीपाळीने वीस जणांचा व्यायाम होईल. मात्र पहिल्या दिवशी मुलांना नीट शिकवणारा माणूस तिथे उभा असला पाहिजे. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. तरुणपणी गेलेली कंबर आयुष्यभर त्रास देते.