तारीख, गल्ली आणि ऊन

चांगलं ऊन पडलं की हौशी छायाचित्रकार चार्ल्स कुशमन यांचं काम सोपं व्हायचं. ते वापरत त्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मला प्रकाश भरपूर लागे. १९४०च्या दशकात तिचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, अवघा १० होता. आजचा मोबाइल चारशे सहज ओलांडतो. समोरच्या माणसापासून मागच्या दुकानाच्या पाटीपर्यंत सगळं स्पष्ट हवं तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागे. मग भर उन्हातही शटर सेकंदाचा चाळिसावा भाग तरी उघडं राही आणि झपझप चालणारा पुसट येई. दारात टेकलेला, गप्पांत रमलेला माणूस बरा.

कुशमन यांचा जन्म १८९६चा, इंडियाना राज्यातला. फोटोग्राफी हा त्यांचा धंदा नव्हे, नाद. १९३८ ते १९६९ या काळात त्यांनी सुमारे १४,५०० रंगीत स्लाइड काढल्या. शिकागोतला मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार, दक्षिण भागातली मोडकळलेली घरं, मॅनहॅटनच्या खालच्या टोकाचे रस्ते, पुढे सॅन फ्रान्सिस्को. फोटो काढला की वहीत नोंद: तारीख, ठिकाण, काय दिसतंय. शेरेबाजी जवळपास नाही. माझ्या मते निम्मी किमया या कोरड्या नोंदींचीच. (घरच्या अल्बममधलं लग्न नक्की कोणाचं, यावर वाद घालणाऱ्यांना हे पटेल.)

फिल्म घरी धुण्याची सोय नव्हती. कोडाक्रोममध्ये मुळात रंग नसतच. तिचे थर कृष्णधवल, रंग चढायचे ते धुताना. ती प्रक्रिया इतकी किचकट, की अमेरिकेत १९५४पर्यंत धुलाईचे पैसे फिल्मच्या किमतीतच धरलेले असत. रीळ कोडॅक कंपनीकडे पाठवायचं आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइडची वाट पाहायची.

पण अंधारात ठेवले तर हे रंग टिकतात, आणि तिथंच कुशमन मोठमोठ्या व्यावसायिकांना मागं टाकतात. १९४०च्या दशकातलं न्यूयॉर्क आपल्या डोक्यात करडं असतं. त्यांच्या स्लाइडमध्ये विटा लालभडक आहेत, आभाळ निळं.

१९७२ साली ते गेले. स्लाइड आणि वह्या त्यांनी इंडियाना विद्यापीठाला दिल्या होत्या. तिथं त्या बरीच वर्षं पडून राहिल्या. आता संगणकावर कुणालाही पाहता येतात. कोडाक्रोम धुणारी शेवटची प्रयोगशाळा कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावात होती. डिसेंबर २०१०च्या अखेरीस तिनं धुलाईसाठी नवी रिळं घेणं थांबवलं.